उपसा

"ताई, कलश धरता का जरा? आलोच," असं म्हणून धनाजीने तांब्याचा कलश सौदामिनीच्या हातात दिला आणि तो महादरवाजाच्या आतल्या देवडीत शिरला. पहारेकऱ्यांसाठी बांधलेली ती दगडी खोली. धनाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. सौदामिनीने मान फिरवली, पण आवाज ऐकू येतच राहिला. देवडीतून येणारा अमोनियाचा वास सांगत होता की धनाजी काही पहिला नव्हता.

कलशाच्या तोंडावर लाल फडकं बांधलं होतं आणि त्यावर झेंडूची माळ. आत अण्णा होते, तिचे वडील. माणसाची राख साधारण किती भरते याचा सौदामिनीला अंदाज होता. ही त्याहून बरीच कमी होती. बाकीची भोरच्या स्मशानात राहिली असणार.

धनाजी पँटला हात पुसत बाहेर आला. "द्या आता."

"राहू दे माझ्याकडे," ती म्हणाली.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली होती. थुंकी, लघवी, शौच, पू. लोक कशातही घालून आणायचे. जामच्या बाटलीत, काजळाच्या डबीत, एका म्हातारीने तर कुंकवाच्या करंड्यात आणलं होतं. सौदामिनीने कधी नाक मुरडलं नाही. नवीन आलेल्या मुली विचारायच्या, "मॅडम, किळस येत नाही?" ती म्हणायची, "आजाराची कसली किळस?" ते तिचं ठेवणीतलं उत्तर नव्हतं, तिला खरंच येत नसे. शेवटचं वर्षभर अण्णा अंथरुणावर होते. त्यांचं सगळं तिनेच केलं, हातांनी केलं, आणि जेवायच्या वेळी जेवली. त्यामुळे आता टाळूच्या मागे जे काही चढून आलं होतं, ते काय आहे हे ओळखायला तिला थोडा वेळ लागला.

पुढे बुरुजावर पोरं फ्लेक्स बांधत होती. अण्णांचा फोटो वरच्या कोपऱ्यात, आधार कार्डावर असतो तेवढा. मधोमध तिचा धाकटा भाऊ स्वरूप, हात जोडलेला. नसरापूरला त्याचं प्लॉटिंगचं ऑफिस होतं आणि यंदा पंचायत समितीला उभं राहायचं त्याच्या मनात होतं; धनाजी आणि ही पोरं त्याचे कार्यकर्ते. तेरावा होऊन आठवडा उलटला होता. राख एवढे दिवस स्मशानातल्या पत्र्याच्या शेडला टांगून ठेवली होती, कारण पोरांना रविवारच जमत होता.

"ताई, दमलीस का?" स्वरूप फोन खिशात घालत आला. पांढरा शर्ट, पांढरे बूट, डोळ्यांवर काळा चष्मा. चष्म्याखाली डोळे सुजलेले होते, तेही तिने पाहिलं.

"नाही. मी तटावरून जाऊन येते. अण्णा वर आले की आधी तट चालायचे."

"थांब, मी पण येतो."

ती थांबली. स्वरूपची बायको शुभ्रा मागून म्हणाली, "अहो, कशाला? चक्कर येईल. मग मला म्हणू नका."

"नाही येत," स्वरूप म्हणाला. त्याने कलश सौदामिनीकडून घेऊन धनाजीकडे दिला. "तुम्ही टाक्यापाशी व्हा पुढे. आम्ही आलोच."

अण्णा, म्हणजे रघुवीर, पाटबंधारे खात्यात आरेखक होते. आयुष्यभर दुसऱ्यांनी बांधायच्या भिंती त्यांनी कागदावर काढल्या. दर वर्षी हिवाळ्यात एकदा एसटीने पायथ्याच्या पासलीला यायचे, गड चढायचे आणि हात पाठीमागे बांधून सगळा तट चालायचे. बरोबर सौदामिनी. बोलणं जवळपास नाही. एखाद्या ठिकाणी थांबून दगडावरून बोट फिरवायचे आणि "चुना टिकलाय" एवढंच म्हणायचे. माणसं त्यांना आवडत नसत. शेजारी, नातेवाईक, साहेब, कोणीच नाही. "माणसं नसली की गड फार चांगला असतो," हे वाक्य ते दर वर्षी म्हणत आणि ते विनोदाने नसे.

स्वरूप तटाच्या आतल्या कडेने, एक हात दगडावर ठेवून चालत होता. बाहेरच्या बाजूला तो बघत नव्हता. तटावर जिथे म्हणून सपाट दगड होता तिथे नावं होती. काही खिळ्याने कोरलेली, काही ऑइलपेंटने. बदाम, बाण, मोबाईल नंबर. एका ठिकाणी कोणीतरी 'गड आमचा श्वास' असं लिहून खाली आपल्या मंडळाचं नाव दिलं होतं आणि रंगाचा रिकामा डबा तिथेच टाकला होता. बंदुका रोखण्यासाठी तटात तिरकी भोकं ठेवलेली असतात, त्यांना जंग्या म्हणतात. सौदामिनीने एका जंगीत डोकावलं. लहानपणी तिथून खालची भातखाचरं दिसायची. आता आत बाळाचा वापरलेला डायपर कोंबलेला होता. त्यावर माश्या होत्या.

गडावर बाळ आणलं, त्याला स्वच्छ केलं आणि मग ही जागा शोधून काढली. शोधावीच लागली असणार, कारण भोक खांद्याच्या उंचीवर होतं. तिला त्या हाताची किळस आली, डायपरची नाही.

"गुरुजींना विचारलं मी," स्वरूप म्हणाला. "ते म्हणाले, राख पाण्यातच जायला हवी. कोरड्यात टाकली तर गती मिळत नाही."

"अण्णा म्हणाले होते गडावर टाक. नदीत नको. नदीत सगळं भोर अंघोळ करतं, म्हणाले."

"हो ना. म्हणून मी दोन्ही जमवलं. इथे देवीच्या टाक्यात सोडायची."

सौदामिनी चालायची थांबली.

"ते प्यायचं पाणी आहे, स्वरूप."

"कोण पितं आता? सगळे बिसलरी घेऊन येतात. हे बघ की." त्याने बुटाच्या टोकाने एक बाटली सरकवली. ती घरंगळत जाऊन तटाखाली गेली. थोड्या वेळाने खालून आवाज आला.

"टाक्यापाशी ताक विकते ती रत्ना याच पाण्याचं ताक करते. तिची सासू देवीला तेच पाणी घालते. गुराखी पितात. वर दुसरं पाणी नाही."

"गंगेत काय करतात मग? राख सोडतात, शेजारी उभे राहून तीर्थ पितात. आपली आत्या बाटलीत भरून घेऊन आली होती."

"ती नदी आहे. हे साठलेलं पाणी आहे."

"बरं." तो थांबला, चष्मा काढून शर्टाला पुसला. "तू लॅबमधली. मला एकच सांग. राखेत जंतू असतात का?"

सौदामिनीच्या कामाची एक पद्धत होती आणि ती तिच्या हाडात मुरली होती. जी तपासणी मागितली असेल तिचं उत्तर द्यायचं. आहे, नाही. मत डॉक्टरांनी द्यायचं, प्रयोगशाळेने नाही. इतक्या वर्षांत तिने कुणाच्या रिपोर्टवर एक शब्द जास्तीचा लिहिला नव्हता.

"नसतात," ती म्हणाली. "एवढ्या उष्णतेत काही शिल्लक राहत नाही. पण प्रश्न तो—"

"झालं तर मग." स्वरूप वळला, आणि तिथूनच ओरडला, "ए धनाजी, ताईंनी सांगितलंय रे, पाण्याला काही होत नाही. चला, तयारी करा."

खालून कुणीतरी "बरं दादा" म्हणालं. स्वरूप एक हात दगडावर ठेवत, घाईघाईने, आला तसा परत निघाला. तिचं वाक्य पुरं करायला समोर कोणी उरलं नव्हतं.

ती टाक्यापाशी पोचली तेव्हा पोरं पायऱ्यांवर उतरली होती. टाकं फार मोठं नव्हतं. कातळात चौकोनी खोदलेलं, एका बाजूने पायऱ्या, आत एका कोपऱ्यात बारीक झरा. वैशाख लागला होता, पाणी खाली गुडघाभर राहिलं होतं, पण स्वच्छ. वरच्या अंगाला देवीचं पत्र्याचं देऊळ आणि देवळाच्या सावलीत पासलीच्या रत्नाचं दुकान. दुकान म्हणजे एक माठ, चार ग्लास, टोपलीत लिंबं आणि पोत्यावर बसलेली रत्ना.

"बाई, या," रत्ना म्हणाली. "आण्णा गेलं म्हनं. यष्टीच्या डायवरनं सांगितलं. लई वंगाळ वाटलं बगा." तिने माठातून ग्लास भरला. "दर साली मला बोलायचं, रत्ना, ताक पातळ हाय. आन् दोन गिलास पियाचं. म्या म्हनायची, आण्णा, पातळ हाय तर दुसरा कशापायी? तर म्हनायचं, पहिला पातळ हुता म्हनून."

सौदामिनी हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. ग्लास तोंडाला लावणार तोच पायरीवरून बुटांचा आवाज आला आणि रत्नाचं लक्ष तिकडे गेलं.

"ओ, पायतान काडा की. टाक्यावर पायतान न्हाई घालत."

"मावशे," धनाजी खालून म्हणाला, "गड काय तुज्या बापाचा हाय का?"

"बापाचा असता तर तुला दारातच आडवला असता. देवीचा हाय. काड पायतान."

पोरं हसली. धनाजीही हसला, पण बूट काढले नाहीत. स्वरूपने मात्र काढले. शुभ्रा मोबाईल धरून उभी होती आणि शूटिंग चालू झालं होतं. तो अनवाणी, दोन्ही हातांत कलश घेऊन, पायऱ्या उतरला. तेव्हा कुठे कलशात काय आहे ते रत्नाच्या लक्षात आलं. ती उठून काठाशी गेली.

"दादा, ह्ये काय करताय?"

"अण्णांचं विसर्जन आहे, मावशी. त्यांची इच्छा होती."

"ह्या टाक्यात? आवं, आमी पितो ह्ये."

"काही होत नाही. ताईंना विचारा, त्या लॅबमध्ये होत्या. त्यांनीच सांगितलं."

रत्नाने मागे वळून पाहिलं. "व्हय बाई? तुमी सांगितलं?"

सौदामिनीच्या हातात ताकाचा ग्लास होता. "राखेने आजार होत नाही," ती म्हणाली. हेही खरंच होतं.

"त्ये न्हाई इचारलं म्या," रत्ना म्हणाली.

सौदामिनी काठाशी गेली आणि म्हणाली, "स्वरूप, नको." तिचा आवाज आयुष्यात कधी मोठा नव्हता. त्याच वेळी धनाजीने घोषणा दिली, "रघुवीर अण्णा," आणि पोरांनी "अमर रहे" म्हटलं. जी माणसं दारात आली तर अण्णांनी आतूनच "घरी नाहीत" सांगितलं असतं, ती ओरडत होती. स्वरूपने वर पाहून हात केला. "ताई, ये, हात लाव कलशाला." ती उतरली नाही. शुभ्राने मोबाईल तिच्याकडे वळवला आणि परत खाली नेला.

त्याने कलश कलता केला.

राख आधी पाण्यावर पसरली, दुधावर साय धरते तशी. मग जड तुकडे त्या सायीला भोकं पाडत खाली गेले. कुणीतरी दुधाची पिशवी दाताने फाडून स्वरूपच्या हातात दिली. दूध गेलं, दही गेलं, कुंकू गेलं. माळ गेली. लाल फडकं गेलं. पिशवी वाऱ्याने उडाली आणि तीही पाण्यातच पडली. ती कोणी काढली नाही. स्वरूपने हात जोडले, डोळे मिटले, आणि त्याचे खांदे हलायला लागले. तो खरा रडत होता. शुभ्राने मोबाईल जवळ नेला.

सगळं आटोपायला फार वेळ लागला नाही. देवळामागे वडापावचे खोके उघडले गेले. रत्नाने माठ उचलला, काठापासून लांब नेला आणि वाकडा करून सगळं ताक मातीत ओतून दिलं.

"हे आधीच्या पाण्याचं होतं," सौदामिनी म्हणाली.

"मला ठावं हाय. पिणाऱ्याला कुठं ठावं?" रत्नाने माठ पालथा घातला. "सांजच्याला समद्या पासलीला कळलं असंल. आन् मंगळवारी सासू देवीला पानी घालाया येती. तिला काय सांगू, मड्याची राख घाल म्हनून?" ती पोत्यावर बसली, पुन्हा उठली. "उपसाया लागंल. मागं माकड पडून मेलं हुतं, तवा उपसलं. पर बापईमानसं समदी भोंगवलीला लग्नाला गेल्याती."

"पाणी परत भरतं?"

"भरतं की. झरा हाय. दोन दिसांत घागर बुडंल येवडं येतं. मंगळवारपातूर आलं तर आलं."

"मग आजच उपसू. मी आहे."

रत्नाने तिच्या पांढऱ्या साडीकडे, चष्म्याकडे, पायांकडे पाहिलं. "तुमी?"

"घागर दे."

स्वरूपच्या ते लक्षात आलं तेव्हा पोरं उतरायला लागली होती. तो वडापावचा कागद हातात घेऊन आला. "ताई, चल. खाली गाड्या थांबल्यात."

"तुम्ही व्हा पुढे. मी टाकं उपसून येते."

त्याला कळायला क्षणभर लागलं. "म्हणजे? अण्णांना बाहेर काढणार तू?"

"हो."

"अगं ते पाण्यात गेले आता. ते मोकळे झाले. तू काय—" तो जवळ आला, आवाज खाली आणला. "लोकांना कळलं तर काय म्हणतील? व्हिडिओ टाकलाय मी."

त्याच्या तोंडाला लसणीच्या चटणीचा वास येत होता आणि हनुवटीवर तिखटाचा ठिपका होता. त्याच्या लहानपणी तिने ही हनुवटी कितीदा तरी पदराने पुसली होती. आता तिचा हात उचलला गेला नाही.

"मला एकदाही आणलं नाही त्यांनी इथे," स्वरूप म्हणाला. "दर वर्षी तुला. मी दारात उभा असायचो, बूट घालून. म्हणायचे, याला चक्कर येते. मी गाडी घेतली तेव्हा म्हटलं, अण्णा, चला, गाडीने पायथ्यापर्यंत नेतो. तर म्हणाले, तुझ्याबरोबर दहा माणसं येतील." त्याने नाक ओढलं. "मला वाटलं, टाक्यात राहिले तर दर वर्षी यायला मला एक जागा होईल. तू काढून टाकलंस तर मी कुठे यायचं?"

यावर काहीतरी बोलायला हवं, हे तिला कळत होतं. खरं तेच तो बोलला होता. अण्णा तसेच होते आणि तिनेही कधी 'यालाही घेऊ' म्हटलं नव्हतं, कारण दोघांची शांतता तिला आवडायची. पण त्याच्या खांद्यावरून तिला टाकं दिसत होतं. दुधाची पिशवी पाण्यावर फुगून फिरत होती, आणि घशाशी आलेलं खाली जात नव्हतं. तोंड उघडलं असतं तर शब्द आला असता की दुसरं काही, याची तिला खात्री वाटेना.

"रिकामे खोके तेवढे खाली घेऊन जा," ती म्हणाली.

तो देवळामागे गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात दोन खोके होते. बाकीचे तिथेच होते. शुभ्राने दरवाजापासून हाक मारली आणि तो गेला.

रत्नाने पदर खोचला. "चपला हितंच ऱ्हाऊ द्या. शेवाळ हाय, पाय आडवा टाका."

पाणी गार होतं. तळाचा चिखल बोटांमधून वर आला. सौदामिनी भरून द्यायची, रत्ना पायरीवरून घागर वर न्यायची आणि काठाच्या दगडी पन्हळीत ओतायची. पावसाळ्यात टाकं भरून वाहिलं की ते पाणी त्या पन्हळीने जाऊन तटातल्या मोरीतून गडाबाहेर पडे. अण्णा त्या मोरीपाशी दर वर्षी थांबत. तिचा उतार त्यांना पसंत होता.

बऱ्याच घागरी ओतून झाल्या. मग रत्ना म्हणाली, "बाई, तुमी बोलला आस्ता जरा मोट्यानं, तर दादा थांबलं आस्तं?"

"माहीत नाही."

"मला वाटतं न्हाई थांबलं आस्तं. पर बोलाया हवं हुतं."

"हो," सौदामिनी म्हणाली आणि घागर वर दिली.

पाणी घोट्याच्या खाली गेलं तसं तळ दिसायला लागला. अण्णांची राख आणि दुधादह्याची गाठ झालेला करडा साका, आणि त्याखाली आधीच्या लोकांचं सगळं. वेफर्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, केसांची क्लिप, एक कुजलेला मोजा. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याखाली हे होतं आणि ती ते इतकी वर्षं विश्वासाने प्यायली होती. हाडांचे तुकडे त्यात रुतले होते.

ती उकिडवी बसली आणि निवडायला लागली. हातमोजे नव्हते. प्लास्टिक एका बाजूला, हाड दुसऱ्या बाजूला. हाड ओळखणं तिला अवघड नव्हतं. जळलेलं हाड हलकं असतं आणि मोडलेल्या कडेला आत बारीक जाळी दिसते. पण गुटख्याच्या एका पुडीत एक तुकडा शिरून बसला होता. तिने पुडी बोटाने उघडली. आत लाल चिकट पाणी होतं, कुणाच्या तरी तोंडातलं, आणि त्यात अण्णा.

ती उठली, पायऱ्या चढली, कारवीच्या झुडपापर्यंत कशीबशी गेली आणि ओकली. पोटात काही नव्हतं, तरी उमासे येत राहिले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते रडणं होतं की नुसती ओकारी, हे तिला वेगळं करता आलं नाही.

रत्ना मागे येऊन उभी राहिली. पाठीवर हात ठेवला नाही. "व्हऊ द्या," एवढंच म्हणाली. मग आपल्या टोपलीतून ताकाची गाळणी काढून तिने पुढे केली. स्टीलची, लांब दांड्याची. "हिनं गाळा. हात घालू नगा."

"मग ही तुला परत वापरता येणार नाही."

"मला कशाला हवी? नवी घिईन."

सौदामिनीने गाळणी घेतली आणि ती परत खाली उतरली.

साका गाळून झाला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. प्लास्टिकचं एक पोतं भरलं. रत्नाने ते बांधून देवळाच्या पायरीशी ठेवलं, खाली नेण्यासाठी. हाडांचे तुकडे गाळणीत मावले. रत्ना कोरडी केरसुणी घेऊन तळ खरडायला लागली. झऱ्याच्या कोपऱ्यात कातळ ओला दिसत होता, पण अजून थेंब सुटला नव्हता.

"ह्ये कुठं ठिवायचं?" रत्नाने गाळणीकडे न बघता विचारलं.

"बाकीचे गेले तिकडेच."

सौदामिनीने गाळणी पन्हळीवर उपडी केली आणि शेवटच्या घागरीचं पाणी हळूहळू वरून सोडलं. तुकडे एकमेकांवर आपटत, अडत, पुन्हा सुटत तटाकडे गेले. उतार खरंच चांगला होता. मोरीच्या तोंडाशी एक तुकडा आडवा बसला. तिने बोटाने तो सरळ केला आणि तो गेला.

ती तटावर चढली. खाली पासलीची भातखाचरं कोरडी, पेरणीआधी भाजून काळी केलेली. तटावर कोणी नव्हतं. फ्लेक्सची एक दोरी सुटली होती आणि कापड बुरुजावर आपटत होतं. ती मोरीच्या बरोबर वर गेली, गुडघे टेकले आणि दगडाच्या कडेवरून बाहेर वाकली.

"बाई, लई वाकू नगा," रत्ना टाक्यातून म्हणाली. "दिसलं का?"

"दिसलं."

मोरीच्या तोंडापासून काळ्या दगडावर एक करडा ओघळ उतरला होता. वरच्या अंगाने तो सुकतही आला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना घारींच्या शिटेचे जुने पांढरट ओघळ होते, तटाच्या पायापर्यंत गेलेले. ऊन थेट त्यांवर होतं. ती बघत असतानाच करडा रंग फिका होत गेला, आणि मग कुठला ओघळ कोणता, हे तिला सांगता येईना.